‘मणक्यातली गॅप’ आणि अडीच किलो तांदूळ

प्रश्न : माझं वय ५२. कराडजवळच्या गावात घरीच शिवणकाम करते. सहा वर्षं कंबर दुखतेय. कळ कुल्ल्यात उतरते, कधी मांडीपर्यंत जाते, गुडघ्याखाली नाही. गेल्या वर्षी एमआरआय काढला. एका डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय, ऑपरेशन करून टाका. दुसरे म्हणाले, एवढं काही नाही. पट्टा लावा, वाकू नका, खाली बसू नका. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी आणते आणि दोन वर्षं रोज घेते. बीपीची गोळीही चालू आहे. मागच्या महिन्यात एकांनी रात्री घ्यायला एमिट्रिप्टिलीन दिली. मुलीने मोबाइलवर बघितलं तर ती डिप्रेशनची गोळी निघाली, म्हणून घेतलीच नाही. मिस्टर म्हणतात, "रिपोर्टात काही नाही तर रोज काय कण्हायचं?" पाच महिन्यांनी मुलगी बाळंतपणाला येणार आहे. खाली बसून बाळाला न्हाऊ घालणं माझ्याच्याने होईल का, याची धास्ती घेतलीय. माझं दुखणं खरं आहे की मनाचं? ते पूर्ण जाईल का?

उत्तर : ताई, दुखणं खरं आहे. तुम्हाला न तपासता हे मी सांगू शकते, कारण दुखतंय की नाही हे ज्याचं त्यालाच कळतं. एमआरआयमध्ये हाड, गादी, नस दिसते. दुखणं त्यात उमटत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं, की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या शब्दाचा मान राखावा.

आज मी वेदनातज्ज्ञ आहे, पण हे मलाही उशिरा कळलं. भूलशास्त्र शिकत होते तेव्हाची गोष्ट. मार्केट यार्डात हमाली करणारे एक काका पाठ धरून आले होते. मी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "काका, नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही." त्यांनी रिपोर्टची घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारलं, "मग घरी काय सांगू?" मला उत्तर सुचलं नाही. ते परत आले नाहीत. तुमच्या मिस्टरांचं वाक्य वाचलं आणि ते काका आठवले.

आता ‘गॅप’. हा शब्द आपल्याकडे दवाखान्यात फार सैलपणे वापरला जातो आणि त्याने फार नुकसान केलंय. गॅप म्हटल्यावर माणसाला वाटतं, दोन मणक्यांमध्ये फट पडली, वाकलो तर कंबर निखळेल. प्रत्यक्षात उलटं असतं. दोन मणक्यांमधली गादी वयानुसार थोडी सुकते, चपटी होते, तिची कड जराशी बाहेर येते; म्हणजे अंतर कमी होतं. आणि ‘गादी सरकली’ म्हणतात तशी ती जागेवरून घसरतही नाही, ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते.

आणि ही झीज कुणाला असते? कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या सुमारास ८० टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली आणि ६० टक्के लोकांची गादी फुगलेली होती. कशाचीही तक्रार नसलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. तुमच्या गल्लीतल्या पन्नाशीच्या दहा धडधाकट बायकांचा एमआरआय काढला, तर बहुतेकींच्या रिपोर्टात तुमच्यासारखीच वाक्यं निघतील. वीस वेळा धुतलेला सदरा विरतो, पण विरलेला सदरा फाटलेला नसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार!

मग सहा वर्षं दुखतंय ते का? तुमच्याच मशीनवर येते. कापड चांगलं, सुई नवी, दोरा बरा. पण टेन्शन जास्त आवळलं गेलं तर टिपेला चुण्या पडतात. अशा वेळी तुम्ही कापड फेकत नाही, टेन्शन सैल करता. जुनाट दुखण्यात, म्हणजे तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलेल्या दुखण्यात, नसांच्या यंत्रणेचं असंच होतं. कंबरेतून निघालेली खबर मेंदूपर्यंत जशीच्या तशी पोहोचत नाही. मज्जारज्जूत तिला एक दार लागतं आणि ते कमी-जास्त उघडतं, असं मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. कोपर आपटलं की आपण न शिकवता चोळतो, ते त्या दारापाशीच काम करतं. पुढे १९८३ मध्ये शास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच जास्त संवेदनशील होऊन बसतो. मग साधं वाकणंही चटका लागल्यासारखं वाटतं. टेन्शन आवळणाऱ्या गोष्टी कुठल्या? मोडलेली झोप, धास्ती, हालचाल बंद होणं आणि ‘हे करू नका, ते करू नका’ची यादी. म्हणून ‘शरीराचं की मनाचं’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. नस, मेंदू, झोप, भीती हे सगळं तुमच्या एकाच शरीरात आहे.

माझ्यासमोर बसला असतात तर फाइल मी शेवटी उघडली असती. आधी शब्द विचारले असते. मराठीत दुखण्याचे इतके शब्द आहेत की अर्धं निदान त्यातच होतं. आग होते, मुंग्या येतात, सळकन विजेसारखं जातं, बधिर वाटतं, असं कुणी म्हणालं की मी नसेकडे वळते. आखडलं, धरलं, उसण भरली म्हणालं, की स्नायू आणि सांधे. रात्री ठणकतं, कूस बदलली तरी थांबत नाही, म्हणालं, की माझे कान टवकारतात. तुम्ही ‘कळ’ लिहिलंय आणि ती गुडघ्याच्या वरच थांबते. दबलेल्या नसेचं दुखणं बहुधा गुडघ्याखाली, पावलापर्यंत जातं. मग मी तुम्हाला चवड्यांवर आणि टाचांवर चालायला लावलं असतं, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला असता, पावलांवर टाचणीने स्पर्श कळतो का बघितलं असतं. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ती तुमची कुणी केली का, हे पत्रात कुठेच नाही. ती आधी करून घ्या.

काही लक्षणं असतील तर मात्र हा सगळा सल्ला बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलताना लटकायला लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, भूक मरणं याकडेही काणाडोळा नको, कारण मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही सापडतो. पूर्वी कॅन्सर झाला असेल, पडझड झाली असेल किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असेल तर तेही सांगायचं. आणि सांधेदुखीवर कुणाकडून बिननावाच्या पुड्या घेत असाल तर लपवू नका. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं निघतं. तशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावी लागते.

पत्रातल्या एका गोष्टीची मला खरी काळजी वाटली, आणि ती तुमची कंबर नाही. दोन वर्षं रोज डायक्लोफिनॅक, सोबत बीपीची गोळी! डायक्लोफिनॅक बीपी वाढवतं, जठराच्या अस्तराला जखमा करतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतं. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणारं औषध मिसळलेल्या, याच्या जोडीला आल्या की मूत्रपिंडावर दुहेरी-तिहेरी ताण येतो. या आठवड्यातच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी), हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी करा, बीपी मोजून घ्या आणि बीपीच्या डॉक्टरांना ही दोन वर्षं सांगा. रक्त काढतच आहात तर साखर, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्वही बघायला सांगा. काळी शौच झाली तर थांबू नका. ही गोळी चार-पाच दिवसांच्या उसणीवर ठीक असते. सहा वर्षांच्या दुखण्यावर रोज घेऊन ती फार काही करत नाही, हे तुम्हीही अनुभवलंच आहे. करत असती तर पत्र लिहिलं नसतंत.

आणि ती ‘डिप्रेशनची’ गोळी. त्या डॉक्टरांनी तुम्हाला वेडं ठरवलं नाही, पण दोन वाक्यं समजावून सांगायला हवी होती, ती त्यांनी सांगितली नाहीत. तुमचा राग मला पटतो. एमिट्रिप्टिलीन नैराश्यावर ७५ ते १५० मिलिग्रॅम देतात. दुखण्यावर रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात होते, आणि ती मज्जारज्जूतल्या त्या दारापाशी काम करते, झोपही लागते. आता दुसरी बाजू. नुसत्या कंबरदुखीत तिचा फायदा सगळ्यांना होत नाही. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, सकाळी सुस्ती राहते. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ती चालत नाही. झोप मोडत असेल तर त्याच डॉक्टरांशी बोलून सहा आठवडे घेऊन बघण्यासारखी आहे. फरक पडला नाही तर बंद करायची, पण तीही त्यांना विचारून. वर्षानुवर्षं चालू ठेवायची नाही.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. गादीचा तुकडा नसेवर दाबून पायात सणसणीत कळ जात असेल, पायातली ताकद कमी होत असेल, तर ऑपरेशनचा उपयोग होतो. त्यातही नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात (२००७) लवकर ऑपरेशन केलेल्यांची पायाची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेर थांबलेले आणि ऑपरेशन केलेले जवळपास सारखेच बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी काहींना मधे ऑपरेशन लागलं, हेही खरं. तुम्ही लिहिलंय तशा, गुडघ्याच्या वर राहणाऱ्या दुखण्यासाठी मी ऑपरेशनकडे वळले नसते. कंबरेत इंजेक्शन देणं हे माझं रोजचं काम आहे, पण तुमच्यासाठी तेही मी आज सुचवणार नाही.

मग वेदनातज्ज्ञ करतो काय? नुसती सुई टोचणं हे आमचं काम नव्हे. ही शाखा भूलतज्ज्ञांच्या हाती आली त्यात जॉन बोनिका या अमेरिकी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. ते स्वतः भूलतज्ज्ञ होते आणि कुस्त्या खेळून त्यांनी डॉक्टरकीची फी भरली होती. त्या कुस्त्यांनी मोडलेल्या सांध्यांसह ते आयुष्यभर दुखणं सोसत जगले. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांना कळलं, की जुनाट दुखणं एकट्या डॉक्टराला आवरत नाही. नसांचा, हाडांचा, मनाचा आणि व्यायामाचा जाणकार एकत्र बसून रुग्णाबद्दल बोलले पाहिजेत. गावात अशी सोय नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भूलशास्त्र विभागाकडे ‘पेन क्लिनिक’ चालतं का, हे विचारा. तेही नसलं तर तुमच्यावर विश्वास ठेवणारा एक फिजिओथेरपिस्ट आणि एक फॅमिली डॉक्टर एवढ्यावरही बरंच होतं.

दुखणं दहापैकी किती, हा आकडा मी हल्ली फारसा विचारत नाही. विचारते, की या दुखण्याने काय काय बंद पडलं? तुम्ही ही यादी वहीत काढा. खाली बसणं, पंगतीत वाढणं, एसटीने मुलीकडे जाणं, जे असेल ते. उपचार त्या यादीवर करायचे, कारण बंद पडलेली एकेक गोष्ट पुन्हा सुरू होते तसं टेन्शन सैल होत जातं. दुखणं आधी जाईल आणि मग मी हालचाल करेन, असं तुम्ही सहा वर्षं म्हणत आलात. क्रम उलटा करायचा आहे.

यात सगळ्यांचा एकच घोटाळा होतो, आणि शिवणकाम करणाऱ्यांचा तर हमखास. एक दिवस बरं वाटतं. लग्नसराईचे ब्लाउज पडलेले असतात. मग सकाळी मशीनवर बसायचं ते दिवेलागणीलाच उठायचं. पुढचे तीन दिवस अंथरुणात. उठल्यावर पुन्हा तेच. म्हणून घड्याळ लावा. वाईट दिवशीसुद्धा विनाकटकट किती वेळ बसवतं ते बघा. समजा, २० मिनिटं. मग चांगल्या दिवशीही १५ मिनिटांनी उठायचं, टीप अर्धी राहिली तरी. उठून पाणी प्या, काजं-बटणं उभ्यानं लावा, अंगणात दोन फेऱ्या मारा, परत बसा. आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवा. पहिले दहा दिवस फार चीड येईल, गिऱ्हाइकं बोलतील. तरी मोडू नका.

चालणंही असंच, सात-आठ मिनिटांपासून. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ७०१ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखी नुकतीच थांबलेल्या लोकांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालण्याकडे नेलं आणि दुखण्याबद्दल नीट समजावलं. त्यांच्यातल्या निम्म्या जणांना काम थांबवायला लावणारं दुखणं परत येईपर्यंत २०८ दिवस गेले. ज्यांना असं काही दिलं नव्हतं त्यांच्यात ११२ दिवस. तुमची कंबर अजून दुखते आहे, त्यामुळे ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. पण इतकं स्वस्त औषध माझ्या कपाटात दुसरं नाही. सुरुवातीला थोडं जास्त दुखेल. रात्रीपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर ते नुकसान नव्हे, न वापरलेल्या स्नायूंची कुरकुर आहे. दोन-तीन दिवस रेंगाळलं तर थोडं मागे या. आणि पट्टा? प्रवासात वाटला तर लावा, घरात काढून ठेवा.

हा परिच्छेद मिस्टरांना वाचून दाखवा. दादा, तुमच्या बोलण्यात दुष्टावा नाही, हे मला माहीत आहे. सहा वर्षं घरात ‘आई गं’ ऐकून माणूस थकतो. पण रिपोर्टात काही नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. त्यांना दिवसातून दहा वेळा ‘आता कसंय?’ विचारू नका आणि त्यांच्या हातातलं काम काढूनही घेऊ नका. संध्याकाळी त्यांच्यासोबत मारुतीच्या देवळापर्यंत चालत जा. वाटेत कंबरेचा विषय काढू नका.

ते पूर्ण जाईल का? कदाचित नाही. सहा वर्षांचं दुखणं शून्यावर आणीन, असं कुणी म्हणालं तर त्याच्यापासून जपून राहा. पण महिनोन्‌महिने अंथरुणात काढलेली माणसं पुन्हा शेतात उभी राहिलेली मी पाहिली आहेत, अधूनमधून कंबर कुरकुरत असताना. खाली न बसण्याचा तो सल्ला, तपासणीत काही वावगं निघालं नाही तर, मी मोडायला सांगेन.

बाळाच्या अंघोळीची तयारी आजपासून. पाट भिंतीशी ठेवा, पाठीमागे उशी, गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर, आणि पाय पसरून दोन मिनिटं बसा. रोज, ठरलेल्या वेळी. बसण्या-उठण्यासाठी जवळ भक्कम स्टूल असू द्या. दहा मिनिटं बसवायला लागली की चादर काढा, मग उशी. तिसऱ्या महिन्यापासून मांड्यांवर तांदळाची पिशवी घ्या. आधी एक किलो, मग अडीच, कारण नवजात बाळ साधारण तेवढंच भरतं. पिशवी पालथी करा, उताणी करा, तेल लावतो तसा हात फिरवा, बाजूच्या बादलीतून तांब्या उचला. एवढं करूनही एखाद्या दिवशी कंबर धरलीच तर बाळाला टेबलावर टबात न्हाऊ घाला, आजीपण कमी होत नाही.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. क्रिएटिनिन किती आलं, किती मिनिटं चाललात आणि पाटावर किती वेळ बसवलं, एवढं कळवा.